टिपणीसांचा शिळा पाव

कळवण्यास अत्यंत दुःख होते की, स्टुटगार्टजवळील गेर्लिंगेन मुक्कामी, नाताळच्या दिवशी सकाळी, मक्याच्या एका पावाचा मोहरी-हिंगाच्या फोडणीत पडून अकाली अंत झाला. त्याच्या पश्चात एक बिडाचा तवा, सेजच्या पानांची एक जुडी आणि श्री. अरविंद टिपणीस असा परिवार आहे. दुखवट्यास येणाऱ्यांनी कृपया पोट रिकामे ठेवून यावे.

मी या घटनेची साक्षीदार आहे. साक्षीदार कसली, मृताचे चार घास मी स्वतः खाल्ले आहेत. पण पाव गेला कसा हे सांगायचं तर आधी टिपणीस सांगायला हवेत, आणि टिपणीस सांगणं म्हणजे चालत्या माणसाचा फोटो काढणं. दर वेळी हललेलाच येतो.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि टिपणीस आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहायचे. ते मी आधी ऐकले आणि मग पाहिले. या घरात आलो त्या पहिल्याच संध्याकाळी छतावरून कुणीतरी स्वयंपाकघरातून खिडकीशी, खिडकीतून दाराशी, दारातून परत स्वयंपाकघरात असं फिरत होतं. मला वाटलं, वरच्यांचं काहीतरी हरवलंय. महिन्याभरानंतरही ते सापडलं नव्हतं, तेव्हा मी जाऊन बेल वाजवली. दार उघडलं ते एका उंच, किडकिडीत, पन्नाशीला आलेल्या गृहस्थांनी. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात पडद्याचा दांडा. म्हणाले, "या वहिनी, तुम्ही बसा. मी उभाच बरा आहे."

हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की ते त्यांच्या नावाच्या पाटीवर लिहायला हरकत नव्हती. टिपणीस बसत नसत. चहा खिडकीशी उभ्यानं, पेपर फ्रिजवर ठेवून उभ्यानं, जेवण तर सगळ्यांना वाढता वाढता, भातवाढीनं भात इकडून तिकडे नेताना मध्येच एखादा घास. जेवणाच्या टेबलाशी त्यांच्या नावाची खुर्ची होती. तिच्यावर इस्त्रीचे कपडे बसत. माझे यजमान आणि ते एकाच कंपनीत. तिथे टिपणीसांचं काम काय, तर यंत्राचे सुटे भाग मोडेपर्यंत थरथरवायचे आणि ते किती सोसतात ते बघायचं. माणसाला मनासारखं काम मिळावं ते इतकं.

त्यांच्या पत्नी शुभदाताई शांत होत्या. कुणालातरी व्हायला हवंच होतं.

टिपणीसांचा दुसरा गुण म्हणजे ते कुणाला काही विचारत नसत. ते सांगत. त्यांचं सांगणं एका शब्दाचं असे: "ठरलं." एका शनिवारी ते शुभदाताईंना आणि सांगलीहून राहायला आलेल्या त्यांच्या आईला, म्हणजे अक्कांना, कोथिंबीर आणायला म्हणून गाडीतून घेऊन निघाले. चौकातल्या गोल रस्त्यावर बाजाराकडे वळायचं सोडून त्यांनी एक पूर्ण फेरी मारली, मग दुसरी मारली आणि म्हणाले, "ठरलं. बोडेनझे." घरातल्या साडीत आणि पायात लोकरी सपाता घालून अक्का त्या दुपारी जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया या तीन देशांच्या पाण्याकडे बघत बाकावर बसल्या होत्या. परत आल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "तळं चांगलं होतं. कोथिंबीर नव्हती."

आमच्या इमारतीत जिना झाडण्याची आठवड्याची पाळी असते. तिला केअरवोखे म्हणतात, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. या भागातली माणसं एक वेळ कर चुकवतील, पाळी चुकवणार नाहीत. टिपणीसांचे हात मात्र दर आठवड्याला शिवशिवत. एकदा पाटी तळमजल्यावरच्या फ्राऊ हेबर्ले यांच्या दाराला असताना या गृहस्थांनी भल्या सकाळी तळापासून माळ्यापर्यंत जिना झाडून पुसून काढला. आपल्याकडे असं कुणी केलं तर आपण त्याला चहा पाजू. फ्राऊ हेबर्ले मात्र झाडू घेऊन बाहेर आल्या, लखलखीत जिना पाहिला आणि टिपणीसांच्या डोळ्यांसमोर तोच जिना पुन्हा, पायरी पायरी करत, झाडला. दुसऱ्याच्या आठवड्यात झाडणं म्हणजे त्याला सगळ्या गल्लीदेखत आळशी म्हणणं, हे माझ्या यजमानांनी त्यांना समजावून सांगितलं. टिपणीस खरोखरच चकित झाले. "पण मी चांगलंच केलं ना?" म्हणाले. चांगलं करताना समोरच्याला विचारावं लागतं, हा मुद्दा त्यांच्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हता.

आता अशा माणसानं आयुष्यात एकच पदार्थ मनापासून शिकावा, आणि तो नेमका वाट बघायला लावणारा असावा, ही नशिबाची थट्टाच. पदार्थाचं नाव कॉर्नब्रेड ड्रेसिंग. टिपणीस कुटुंब जर्मनीच्या आधी बरीच वर्षं अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या एका लहान गावात होतं. शेजारी डोरीन नावाची एक जाडजूड, मोठ्या आवाजाची बाई राहायची. सणाच्या जेवणाला ती टिपणीसांना घरी बोलवायची, आणि भाजलेल्या टर्की पक्ष्याच्या शेजारी काचेच्या भांड्यात हे ड्रेसिंग असायचं. टिपणीस शाकाहारी, म्हणून यांच्यासाठी ती ते भाजीच्या पाण्यात वेगळं करायची. मक्याचं पीठ ताकात भिजवून त्याचा पाव बिडाच्या तव्यात भाजायचा. मग तो दिवसभर उघडा टाकून मुद्दाम शिळा करायचा, कडक होऊ द्यायचा. मग चुरायचा, त्यात लोण्यावर परतलेला कांदा आणि सेलरीचे दांडे, वर सेज नावाचा उग्र वासाचा पाला, मग गरम पाणी, आणि सगळं पुन्हा ओव्हनमध्ये, वरून खरपूस होईपर्यंत. सगळी गंमत त्या शिळेपणात आहे. ताजा पाव चुरलात तर लापशी होते. टिपणीस हे डोरीनच्या स्वयंपाकघरात शिकले, आणि शुभदाताई सांगतात की जगात त्यांना बसवणारी ती एकच बाई. स्टुलाकडे बोट दाखवून म्हणायची, हा पदार्थ उभ्यानं होत नाही, आधी बस.

जर्मनीत आल्यावर टिपणीस दर नाताळला ड्रेसिंग करू लागले आणि दर नाताळला आम्ही लापशी खाऊ लागलो. पहिल्या वर्षी सेलरी मागितली तर दुकानदारानं मातीनं माखलेला एक गड्डा हातात ठेवला. यांनी तोच किसून घातला. दांडे वेगळ्या नावानं मिळतात हे पुढच्या वर्षी कळलं. सेज इथे घसा धरल्यावर प्यायच्या चहाच्या पुड्यांत असतं, तर यांनी पुड्याच फाडल्या. त्या नाताळात सगळ्यांचे घसे साफ होते. बारीक मक्याचं पीठ तुर्की दुकानात सापडलं, बिडाचा तवा तर अलाबामाहूनच आलेला. हळूहळू सगळं जमलं, वाट बघणं तेवढं जमलं नाही. पाव भाजून झाला की तासाभरात ते तो वाळवायला लागत. पंख्यासमोर धर, हीटरवर ठेव. एकदा मी वर गेले तर शुभदाताईंचा केस वाळवायचा ड्रायर पावावर चालू होता.

आम्ही मराठी माणसं. सगळ्यांनी दर वर्षी "छान झालंय" म्हणून थोडंसंच घेतलं. अक्कांना चवीचं काही नव्हतं, त्यांचा प्रश्न मूलभूत होता: हे पानात डावीकडे वाढायचं की उजवीकडे? चटणी-कोशिंबिरीत बसत नाही, भाजी म्हणावी तर भाजी नाही. शेवटी त्यांनी ते वरच्या बाजूला, मिठाच्या शेजारी वाढायला सुरुवात केली.

पण टिपणीस हे आमच्यासाठी करत नव्हते, हे एकदा शुभदाताई बोलून गेल्या. त्यांची मुलगी इरा अलाबामात जन्मली आणि चौदाव्या वर्षापर्यंत तिथेच वाढली. एका संध्याकाळी वडील घरी आले आणि म्हणाले, ठरलं, जर्मनी. तिची शाळा, मैत्रिणी, डोरीनचं अंगण, सगळं दोन सुटकेसमध्ये बसलं नाही. इथे तिनं मुकाट्यानं चार वर्षं काढली, शाळा संपवली आणि कॉलेजला परत तिकडेच गेली. विमानतळावर वडिलांना म्हणाली, "बाबा, तू मला एकदा विचारायचं होतंस." नंतर ती उन्हाळ्यात चार दिवस येई, हसे, बोले, जाई. नाताळला मात्र कधीच नाही. तिचा नाताळ डोरीनच्या टेबलाशी असे. टिपणीसांची सगळी लापशी म्हणजे त्या टेबलाशी चाललेली एकतर्फी स्पर्धा होती.

गेल्या उन्हाळ्यात डोरीन गेली. आणि डिसेंबरच्या सुरुवातीला इराचा फोन आला की नाताळला मी येऊ का.

त्या दिवसापासून माझ्या छतानं विश्रांती घेतली नाही. मग एका सकाळी टिपणीस मला जिन्यात भेटले, पायऱ्या चढत-उतरतच बोलले. आवाज दबका, डोळे चमकत होते. "वहिनी, ठरलं. मार्चमध्ये मी निवृत्त होतो. एप्रिलमध्ये आम्ही इराच्या गावात. तिच्याच गल्लीत घर बघून ठेवलंय, कोपऱ्यावर. नाताळच्या जेवणात, ड्रेसिंग वाढलं की सांगणार."

मी विचारलं, इराला विचारलंत?

"त्यात विचारायचं काय? मुलगी आहे माझी."

मी शुभदाताईंकडे धाव घेतली. त्यांना सगळं माहीत होतं. त्या वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, "मी सांगून पाहिलं. तिला हे पुन्हा असं सांगितलं ना, तर ती घर बदलेल. आणि मग हे पुन्हा मागे जातील. मी आता किती वेळा पडदे शिवू?" त्या कधी नव्हे ते वाटाणे जरा जोरात सोलत होत्या.

तर असं सगळं त्या एका भांड्यावर येऊन ठेपलं होतं.

चोवीस तारखेच्या सकाळी पाव भाजला. अक्का होत्या म्हणून अंडं न घालता, नुसत्या ताकावर आणि सोड्यावर. मी वर गेले तेव्हा तो टेबलाच्या मध्यभागी जाळीवर सोनेरी होऊन बसला होता आणि टिपणीस त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत होते. पण या खेपेला त्यांनी पराक्रम केला. ते पावाला हात न लावता घराबाहेर पडले. जवळच्या सॉलिट्यूडच्या जंगलात तंगडतोड करून आले, मग पुन्हा गेले, मग विमानतळावर जाऊन इराला घेऊन आले, आणि पावाकडे बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी शुभदाताईंनी मला फोनवर सांगितलं की पाव चक्क शिळा होतोय.

पंचवीस तारखेला सकाळी मी चहा घेत होते. छतावर नेहमीची वर्दळ नुकतीच सुरू झाली होती. आणि अचानक पावलं थांबली.

इतक्या वर्षांत ती कधी थांबली नव्हती. मी कप ठेवला. यजमान वर बघत म्हणाले, "बरे आहेत ना?" तेवढ्यात शुभदाताईंचा फोन: जरा येतेस का?

स्वयंपाकघरात शिरण्याआधीच मला सगळं कळलं, कारण वास फोडणीचा होता. टिपणीस ओट्यासमोर खांबासारखे उभे. ओट्यावर मोठी कढई. कढईत मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, शेंगदाणे, आणि त्यात पिवळाधमक, मोकळा, वर कोथिंबीर पेरलेला कुस्करा. शेजारी अक्का, अंघोळ झालेल्या, प्रसन्न, हातात उलथनं.

अक्कांची काही चूक नव्हती. सांगलीपासून त्यांनी जन्मभर हेच केलं होतं. सण आहे, लेकीची लेक परदेशातून आली आहे, दुपारी पाहुणे जेवायला येणार, आणि टेबलावर कालचा शिळा पाव उघडा पडलाय. शिळं पाहुण्याच्या पानात जात नाही. शिळं घरच्यांनी सकाळी फोडणी देऊन संपवायचं असतं आणि पाहुण्यांसाठी ताजं करायचं असतं. जावईबापू गडबडीत विसरले असतील, त्यांना कशाला उठवा, म्हणून त्यांनी गुपचूप मदत केली होती. त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

"चांगलंच केलं मी," अक्का मला म्हणाल्या. "इतका छान मका, वाया गेला असता."

टिपणीसांनी त्यांच्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांसमोर झाडू घेतलेल्या फ्राऊ हेबर्ले आल्या. टिपणीसांच्याही आल्या असाव्यात, कारण त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दुकानं दोन दिवस बंद. मक्याचं पीठ होतं वाटीभर, पण शिळा करायला दिवस कुठून आणणार? खोलीत इरा झोपली होती. शुभदाताईंनी हळूच आईला सांगितलं की तो पाव मुद्दाम शिळा करत ठेवला होता, पाहुण्यांसाठीच. अक्कांनी हे दोनदा ऐकून घेतलं. शिळं, मुद्दाम, पाहुण्यांसाठी. त्यांचा चेहरा पडला. मग त्या सावरल्या, कारण त्याही या घराण्याच्या होत्या.

"कोरडाच आहे की अजून," त्या म्हणाल्या. "तुमचं ते काय ते घाला आणि ढकला ओव्हनमध्ये. ठरलं."

आपलाच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की माणूस कसा दिसतो, ते मी पाहिलं. टिपणीसांनी निमूटपणे सेलरीचे दांडे चिरायला घेतले. लोण्यावर परतले, सेज चुरलं, भाजीचं गरम पाणी ओतलं, कढई काचेच्या भांड्यात उलटी केली. अक्कांनी मध्येच लिंबू पिळायचा प्रयत्न केला, तो शुभदाताईंनी हाणून पाडला. ओव्हनचं दार लागलं. एरवी ते दार ते दर पाच मिनिटांनी उघडून बघत. त्या दिवशी उघडलं नाही. बघायची हिंमत नसावी.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. आम्ही दोघं, अक्का, शुभदाताई, आणि तिशीला आलेली, वडिलांसारखीच उंच इरा. टिपणीस अर्थातच वाढत होते. त्यांनी काचेचं भांडं आणलं. वरून छान खरपूस झालं होतं. फक्त त्या खरपूस थरातून मोहरीचे काळे दाणे आमच्याकडे बघत होते. अक्कांनी इराच्या पानात एक चमचा वाढला. कुठे, ते मी मुद्दाम बघितलं. थेट मध्ये, भाताच्या जागी.

इरानं घास घेतला. चावला. थांबली.

"यात मोहरी आहे."

"आहे," अक्का म्हणाल्या. आवाजात कबुली कमी आणि आव्हान जास्त.

"आणि सेज." इरानं दुसरा घास घेतला, मग तिसरा. मग तिचं नाक लाल झालं. "डोरीननं हे खाऊन तोंड वाकडं केलं असतं," ती म्हणाली. "आणि मग परत घेतलं असतं." तिनं परत घेतलं.

खरं सांगते, ते चांगलं झालं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लापशी नव्हती. पण मी पुढचा घास घेतला नाही, कारण टिपणीस डाव घेऊन इराच्या पाठीमागे येऊन उभे राहिले होते आणि मला त्यांचा 'ठरलं'च्या आधीचा तो श्वास माहीत होता. शुभदाताईंनी पाण्याचा पेला घट्ट धरला.

पुढचं तुम्हाला आधीच सांगून टाकते, कारण ते मला फोनवरूनच कळलं, पाहिलेलं नाही. टिपणीस आता अलाबामात आहेत. इराच्या गल्लीत नाहीत, कोपऱ्यावरही नाहीत. चालत वीस मिनिटांवर आहेत. ते अंतर इरानं ठरवलं आणि टिपणीस ते रोज दोनदा चालतात, दार वाजवायच्या आधी फोन करतात म्हणे. आमच्या डोक्यावर आता एक तरुण जोडपं राहतं. अत्यंत शांत आहे. मला अजिबात करमत नाही. कधी कधी संध्याकाळी मीच इथल्या इथे फेऱ्या मारते आणि यजमान विचारतात, काही हरवलंय का.

पण माझ्या डोळ्यांपुढे टिपणीस आहेत ते त्या दुपारचे. डाव हातात, खांद्यावर फडकं, आणि ओठांवर तो शब्द आलेला. "इरा," ते म्हणाले, "ठर..."

इराचा हात पानावर थांबला. तिनं मान वळवली नाही. तिची पाठ मात्र ताठ झाली, आणि ती पाठ टिपणीसांना दिसली. मला वाटतं, इतक्या वर्षांत ती त्यांना पहिल्यांदाच दिसली. त्यांनी एकदा काचेच्या भांड्याकडे बघितलं, एकदा सासूबाईंकडे. मग डाव भांड्यात ठेवला.

"इरा, आम्ही तिकडे राहायला आलो तर तुला चालेल का?"

घास गिळून इरानं मागे वळून वडिलांकडे बघितलं, कुणी अनोळखी माणूस घरात आलाय अशा नजरेनं.

"तू विचारतोयस?"

"हो."

इरानं शेजारच्या खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे उचलले, मागे सोफ्यावर टाकले आणि खुर्चीकडे बोट दाखवलं.

"आधी बस. मग सांगते."

टिपणीसांनी खुर्चीकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. दाराकडे बघितलं. मग खांद्यावरचं फडकं काढलं, खुर्ची ओढली, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून, फोटोला बसतात तसे, इराच्या शेजारी बसले. शुभदाताईंचा पेला हातातच राहिला. आणि अक्का, हातातला घास तसाच हवेत धरून, मोठ्यांदा बोलून गेल्या:

"अगं शुभे, हे बसले की गं!"